नगरचा वेगवान जावई

माझ्या नवऱ्याला, शामकांतना, जावई पहिल्यापासून पसंत नव्हता. आमची मुलगी ईरा शिकायला स्वीडनला गेली आणि तिथल्या निक्लास नावाच्या फुटबॉलपटूशी तिनं लग्न केलं. तेव्हा सावेडीतल्या आमच्या घरात आठवडाभर एकच वाक्य ऐकू येत होतं, "चेंडूमागं धावणं हा काय व्यवसाय झाला?" शामकांत म्हणजे निवृत्त प्राचार्य, जगातले सगळे व्यवसाय त्यांनी बसल्या जागी पारखून ठेवलेले.

निक्लासकडे वेग होता. उजव्या कडेनं चेंडू घेऊन निघाला की मागचा खेळाडू नुसती त्याची पाठ बघत राहायचा. त्या जोरावर तो डेन्मार्कला गेला, तिथून हॉलंडला. ईरा दर ठिकाणी संसार मांडायची आणि गुंडाळायची. मग इंग्लंडच्या एका क्लबनं त्याला घेतलं, इथल्या पेपरात 'नगरचा जावई' म्हणून फोटो छापून आला आणि शामकांतना रातोरात फुटबॉल कळायला लागला. फिरायला जाताना त्या क्लबची लाल टोपी. ऑफसाइड म्हणजे काय, हे ते भाजीवाल्यालाही समजावत. त्यांना स्वतःला ते अजून समजलेलं नाही.

दुसऱ्याच मोसमात निक्लासच्या मांडीचा स्नायू फाटला. बरा झाला, पुन्हा फाटला. इंग्लंडच्या क्लबनं त्याला तुर्कस्तानला धाडलं, तिथल्यांनी सायप्रसला. टोपी कपाटात गेली. कुणी विचारलं की शामकांत म्हणायचे, "मी तेव्हाच म्हटलं होतं."

गेल्या डिसेंबरात ईरा त्याला घेऊन आली. लगेच शामकांतनी आपल्या जुन्या कॉलेजात सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, फेटा. "याची गुणवत्ता मी पहिल्या भेटीतच ओळखली होती," असं त्यांनी भाषणात ठोकून दिलं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होते. मग म्हणाले, "आता जावईबापू मैदानावर पळून दाखवतील!"

ईरानं निक्लासच्या कानात अर्थ सांगितला.

"पाय नाही चालत, बाबा," तो मोडक्या मराठीत म्हणाला.

"अहो, एवढे लोक आलेत. एक चक्कर तरी मारा!"

ईरा उठली. "बाबा, डॉक्टरांनी मनाई केलीय. त्याचं खेळणं संपलंय. तुम्हाला फोनवर सांगितलं होतं ना?"

"मग माझी अब्रू जाते त्याचं काय?"

माईक चालू होता. सगळा हॉल हसला.

निक्लासनं फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि सावकाश मैदानाकडे निघाला. कॉलेजच्या संघातल्या पोरी त्याच्यामागं गेल्या. धावताना अंग कसं वळवायचं, पाऊल कुठं टाकायचं, हे तो त्यांना उभ्या उभ्या दाखवत राहिला. हळूहळू हॉल रिकामा झाला. व्यासपीठावर शामकांत उरले, आणि त्यांचं उरलेलं भाषण.

निक्लास आता त्याच्या गावी मुलांना खेळ शिकवतो. शामकांत लोकांना तो 'क्रीडा संचालक' आहे असं सांगतात.

परवा ईराचा फोन आला. तिला दिवस गेलेत, बाळंतपणाला या म्हणाली. मी एकटीच येते म्हटलं.

"मग माझ्या जेवणाचं काय?" शामकांतनी विचारलं.

"मेसचा डबा लावलाय," मी म्हटलं आणि बॅग भरायला घेतली.