दादाचे तीन वॉशर

दादा गेला तेव्हा धाकट्याच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. दोन महिने उलटले, तरी नाही. लोकांच्या तोंडाला कोण लागणार? "दगड आहे नुसता," म्हणाले. अहो, दगडसुद्धा उन्हात तापतो. याला तेवढंही होत नव्हतं. जेवायचा, हँगरमध्ये यायचा, बोल्ट आवळायचा. वहिनी रोज म्हणायची, "भाऊजी, हँगरमधलं यांचं कपाट तेवढं रिकामं करून आणा हो." हा म्हणायचा, "बघू."

दोघं भाऊ विमानांची दुरुस्ती करायचे. दादाला सगळे 'काटा' म्हणत. तळहातावर वॉशर ठेवून वजन सांगायचा आणि चुकला तर चहा पाजायचा. फारसा कुणाला चहा मिळाला नाही.

त्या दिवशी फवारणीचं विमान आलं. "मिस्त्री, दात खिळखिळे झाले माझे," वैमानिक बाई म्हणाली. खडे लागून प्रोपेलरच्या पात्याला खोचा पडल्या होत्या. त्या कुणीतरी बाहेरच कानशीने घासून सपाट केल्या, तेव्हापासून ही थरथर. पात्याचं वजन घटलं, तोल बिघडला.

काम सुरू करण्याआधी प्रोपेलरचा शंकू उघडून जुनी वजनं काढायची, मग मोजायचं. हा दादाचाच धडा. पण आत दादाने तोलासाठी लावलेले तीन वॉशर होते आणि धाकट्याला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने शंकूला हातच लावला नाही. इंजिनावर कंप मोजणारं यंत्र बसवलं. बाईने इंजिन चालवलं. आकडा आला चाळीस. सातच्या खाली हवा. वजन कुठे वाढवायचं तेही यंत्राने सांगितलं: दादाच्या वॉशरच्या बरोब्बर समोर.

आता शंकू उघडावाच लागला. तिन्ही वॉशरवर दादाची कानशीची खूण होती. याने ते तसेच ठेवून समोर दोन पातळ वॉशर चढवले. तीस. आणखी दोन. वीस. तिथल्या स्क्रूवर आणखी वॉशर मावेना.

"वजनाशी वजन झुंजवू नकोस, गाढवा," दादा म्हणाला असता.

"उद्या उडायचंय मला," बाई म्हणाली. "अशा थरथरीत इंजिनाचा एखादा पाइप तडकला, तर मी कुठे उतरू?"

त्याने आपले चार काढले. मग दादाचे तीन. प्रत्येक स्क्रू सैल करायला जरा जास्तच वेळ लागला, एवढंच. दादाच्या हातचं शेवटचं काम होतं ते. खिशात टाकलं.

बाईने काचेच्या तावदानामागे पाण्याचा पेला ठेवला आणि इंजिन चालवलं. आकडा चार. पेल्यातलं पाणी हललं नाही. ज्या जड पात्यासाठी दादाने समोर वॉशर लावले होते, तेच घासून हलकं झालं होतं; आता एकाही वॉशरची गरज उरली नव्हती.

"वा मिस्त्री!" इंजिन बंद करून बाई उतरली. "घ्या, पाणी प्या. घामाघूम झालात."

त्याने पेला घेतला. पाणी डचमळलं, मनगटावरून सांडलं, बुटांवर पडलं. हात थांबेना. दुसऱ्या हाताने धरायला गेला, तर तोही थरथरत होता.

"बरं वाटत नाही का?"

"दादा गेला माझा," तो म्हणाला. दोन महिन्यांत हे वाक्य त्याच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. तो तिथेच चाकाला टेकून खाली बसला आणि हमसून हमसून रडला.

संध्याकाळी त्याने कपाट उघडलं.