अख्खा देह

गिरीशचं पत्र गणपतीच्या आधी आलं होतं. शशिधररावांना व्हॉट्सअ‍ॅपचं वावडं, म्हणून विलायतेतल्या मराठी मंडळाच्या या सेक्रेटरीने चक्क कागदावर लिहिलं होतं: ‘अवयवदानावर पाच मिनिटं बोलाल का? श्रद्धा किडनीसाठी थांबली आहे, लोक तुमचं ऐकतील.’ स्टेजचं नाव काढलं की शशिधरराव मागच्या रांगेत सरकायचे. उभा जन्म लायब्ररीत पुस्तकं लावण्यात गेलेला. आपलं कोण ऐकणार? त्यांनी पत्र जाड शब्दकोशात सरकवलं. गणपती आले नि गेलेही.

श्रद्धा त्यांची एकुलती एक लेक. डायलिसिसवर. शशिधररावांची किडनी डॉक्टरांनी वयापायी नाकारली होती. रक्तगट आणि पेशी आपल्याच वंशाच्या माणसाशी जुळण्याची शक्यता जास्त, आणि आपल्यात देणारे मोजके. त्यामुळे शेजारच्या खुर्च्यांवरची गोरी माणसं किडनी मिळून घरी जायची, श्रद्धा तिथेच. ‘तुमच्या कम्युनिटीत डोनरच कमी,’ असं म्हणून कन्सल्टंट डॉक्टर मान तिरकी करून हसायचा. त्या गुळगुळीत हसण्याची शशिधररावांना शिसारी यायची.

हिवाळ्याच्या तोंडावर मंडळातले त्यांचे स्नेही, एजवेअरचे कमलाकर, मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. तेराव्याच्या जेवणाला शशिधरराव स्टॅनमोरहून श्रद्धाला घेऊन गेले.

“घे गं थोडं श्रीखंड, दादाला फार आवडायचं,” कमलाकरांची बहीण सुप्रभाताई आग्रह करत होत्या.

“मावशी, मला नाही चालत.”

“अजून नंबर नाही लागला? हे गोरे आपल्यांना मुद्दाम मागे ठेवतात बघ!”

कमलाकरांचा इथेच जन्मलेला मुलगा अनय ताटाकडे बघत म्हणाला, “बाबांचा नाव डोनर रजिस्टरवर होता, काका. नर्सने विचारला पण. आत्या नको म्हणाली.”

“नकोच!” सुप्रभाताईंनी पुरी फोडली. “माणसाला अख्खं अग्नीत जाऊ द्यावं. कापाकापी करून पाठवायचं का माझ्या भावाला?”

दोन-चार माना डोलल्या. श्रद्धाने पाण्याचा ग्लास हळूच खाली ठेवला.

“आणि त्यांचा पेसमेकर?” शशिधररावांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

“तो काढला की! आत राहिला तर भट्टीत फुटतो म्हणे. फ्युनरलवाल्याला आम्ही लगेच हो म्हटलं.”

“म्हणजे कापलंच.”

“अहो, ते वेगळं. मशीन ते!”

“भट्टी फुटू नये म्हणून कापलेलं चाललं. कुणी जगावं म्हणून नाही?”

“शशिधरराव, पानावर बसून काय हे विषय!” पलीकडून कुणीतरी म्हणालं.

“हिला किडनी मिळाली, तर घ्यायची की नाही, सुप्रभाताई?”

“घ्यायचीच! पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे.” आणि त्यांनी दुसरी पुरी घेतली.

कमलाकरांची किडनी श्रद्धाला जुळली असती की नाही, कोण जाणे. कुणाला तरी जुळली असती. तिची राख झाली होती आणि कमलाकरांच्या नावाने इथे श्रीखंड वाढलं जात होतं. शशिधरराव ताटावरून उठले.

गाडीत श्रद्धा म्हणाली, “बाबा, तुम्ही चक्क बोललात!”

“बोललो कसला. पाय लटपटत होते नुसते.”

“कुणाला दिसले नाहीत. टेबलाखाली होते.”

घरी आल्यावर त्यांनी शब्दकोशातून पत्र काढलं. उत्तराचे दोन कागद फाडले, फार पुस्तकी वाटले म्हणून. तिसऱ्यावर लिहिलं: ‘गिरीश, उशीर झाला. संक्रांतीच्या कार्यक्रमात बोलेन. सुप्रभाताईंना पुढच्या रांगेत बसव. पेसमेकरपासून सुरुवात करणार आहे. मध्येच थांबलो तर पाणी दे, पण खाली उतरू देऊ नकोस.’

कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी ते क्षणभर घुटमळले. मग पत्र आत टाकलं. पडल्याचा आवाज आला, तरी कुठे अडकलं तर नाही ना म्हणून त्यांनी फटीत बोटं घालून पाहिलं.