भीमाबाईची सीडी

रेवाची हळद रविवारी होती आणि घरात सगळं होतं, फक्त धवला म्हणणारं कुणी नव्हतं.

रेवाच्या आईची, सुनिताची, आई भीमाबाई बेलपाड्याची धवलारीण. लग्नाचे विधी धवल्यांतून, म्हणजे लग्नगीतांतून, लावून देणारी. तिच्या तोंडचे धवले ऐकल्याशिवाय आजूबाजूच्या गावांत नवरीला हळद लागत नसे. ती गेली, आणि सुनिताजवळ उरली ती हळदीच्या धवल्याची चाल आणि पहिलं कडवं. पुढचं आठवायला गेली की पाण्यात हात घातल्यासारखं सगळं हलायचं. जावा म्हणाल्या, "तू पुढं म्हन, आमी मागून धरू." पण पुढं म्हणायला पुढचं यायला तर हवं!

भीमाबाईचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता, एका सीडीत. कॉलेजच्या कुणी बाई येऊन तिची गाणी टेप करून गेल्या होत्या आणि जाताना ही एक सीडी देऊन गेल्या. भीमाबाई हयात होती तोवर ती ऐकायची कुणाला गरज वाटली नाही. ती गेल्यावर ऐकायची सुनिताची छाती झाली नाही. दर दसऱ्याला मात्र सीडी डबीतून बाहेर यायची, कोयता-विळीच्या शेजारी पाटावर बसायची, कुंकू-अक्षता घ्यायची आणि परत डबीत जायची.

म्हणून सुनिताच्या नवऱ्यानं, सुदामनं, आगारात रजा टाकली आणि रेवाच्या लॅपटॉपला सीडीचा खण नव्हता म्हणून तिच्या शाळेच्या वेळचा जुना कॉम्प्युटर पुसून बाहेरच्या खोलीत मांडला.

पहिली फजिती पेनड्राइव्हची झाली. सुदामनं सीडीतली गाणी एका दमात पेनड्राइव्हवर उतरवली आणि ऐटीत लेकीच्या हातात ठेवली. रेवानं लॅपटॉपला लावून पाहिलं आणि हसू दाबलं.

"बाबा, ही गाणी नाहीत. ह्या नुसत्या दारावरच्या पाट्या आहेत. माणसं घरातच राहिली."

"म्हंजे?"

"म्हणजे गाणी अशी उचलून नेता येत नाहीत. आधी इथंच वाजवून बघू."

वाजवायला गेले, तर सीडी आत गरगर फिरते आहे, पडद्यावर आकडे पुढं सरकताहेत, आणि आवाजाच्या नावानं शुकशुकाट. स्पीकर मोबाइलला जोडला तर ठणठणीत वाजला. सुदामनं वायर काढली, फुंकली, परत लावली. स्वयंपाकघरातून सुनिता दर थोड्या वेळानं विचारायची, "बोलली का?" जशी काही आई आत बसून रुसली होती.

"बोलंल गो. तुजीच आय ती. लगेच थोडीच बोलनार?"

"माज्या आयचं नाव काढू नका हां!"

शेवटी रेवालाच दिसलं. सीडी घालायच्या खणाखाली एक बारकं भोक होतं, इअरफोनचं. तिनं इअरफोनची वायर तिथं खुपसली, एक बोंड बाबांच्या कानात दिलं, एक आपल्या. स्पीकरपर्यंत जाणारी आतली वायर सुटली असावी. इथं मात्र भीमाबाई अगदी कानाशी येऊन गायला लागली.

*हलद लागली गो कपालाला,*
*उजेर परला उंबऱ्याला...*

सुदामनं बोंड कानात आणखी आत दाबलं. पण दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी आवाज अडखळला. 'हलद... हलद... हलद...' तेवढाच शब्द, विहिरीत रहाट अडकावा तसा.

त्यानं सीडी बाहेर काढली, उलटी केली, आणि तिथंच थांबला. चकाकत्या बाजूला कुंकू होतं. बोटाएवढा टिळा, त्यावर टिळा, त्यावर अजून एक. वाळून घट्ट झालेले.

"आईनं नेमकी मशीननं वाचायची बाजूच..." रेवानं ओढणीचं टोक पुढं केलं. सुदामनं तिचा हात धरला. हळदीच्या आठवड्यात, आईच्या आवाजावरचं कुंकू, सुनिताला न विचारता कुणी पुसायचं? आणि विचारायचं तरी कसं? आई गप्प झाली ती तुझ्याच बोटानं, हे तिला सांगायचं कुणी?

सांगावं लागलंच नाही. सुनिता हात पुसत दारात उभी होती.

"माज्यामुलं झालं?"

रेवानं ओढणी मागं घेतली.

"नाव लिवलंय ती पाठ वाटली मना. ह्या बाजूला आरसा हाय. वाकलं की माजंच तोंड दिसायचं, अन् नाक आयचं. म्हनलं, हेच तोंड तिचं." तिनं पदर तोंडाला लावला. "पन आता पुसायचं नाय. लगीनघरात कुकू पुसत नाय कुनी. ऱ्हाऊ दे. डीजे लावा."

सुदाम उठला. बायकोला समजावणं त्याला कधीच जमलं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"पुसायचं कोन म्हनतंय? न्हाऊ घालायचं. शेवटी आय आपल्याकडं होती तवा रोज कोन न्हाऊ घालत होतं तिला? अन् न्हाल्यावर परत कुकू लावायचीस का नाय?"

"लावायची," सुनिता म्हणाली. "आरसा धरून. तिला आवडायचं."

"मंग?"

"मग ह्या वेळी डबीला लाव," रेवा हळूच म्हणाली. सुनिता रडता रडता हसली.

कोमट पाणी आलं, भांड्याच्या साबणाचा एक थेंब आला. सुनितानं तळहातावर सीडी घेतली. "गोल नको घासू आई. मधून कडेला, सरळ," रेवा सांगत होती. पाणी लाल झालं, मग गुलाबी झालं, मग नुसतंच पाणी राहिलं. जुन्या मऊ धोतराच्या फडक्यानं सुनितानं सीडी टिपली, तान्ह्या बाळाचे कान टिपावेत तशी.

या वेळी इअरफोनचं एक बोंड तिच्या कानात होतं, एक सुदामच्या. पहिलं कडवं गेलं. अडलेली जागा आली. सुनितानं नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

*हलद लागली गो पावलाला,*
*वाट फुटली अंगनाला,*
*माजी सुनिता निंगाली,*
*कसी सांगू मी मनाला...*

सुदामनं दचकून बायकोकडं पाहिलं. धवल्यात नवरीचं नाव घालायची रीत. टेप करताना समोर नवरी कुठली? म्हातारीनं मनातली घेतली होती. आणि सुदाम-सुनिताच्या लग्नात तर भीमाबाईच्या गळ्यातून शब्दच फुटला नव्हता. दुसऱ्यांच्या लेकींना हसत हळद लावणारी ती बाई मांडवाच्या खांबाला धरून उभी राहिली होती आणि आयत्या वेळी नेरे गावातून दुसरी धवलारीण आणावी लागली होती. सुनितानं ते वर्षानुवर्षं मनाला लावून घेतलं होतं.

सुदाम सीडी थांबवायला बटणाकडं हात नेऊ लागला तशी ती मान हलवून नको म्हणाली. धवला संपेपर्यंत ती हलली नाही. मग तिनं इअरफोन काढला.

"रेवा, पाट घे. बस हितं."

"आत्ता? अगं, हळद रविवारी आहे."

"बस गो. तुजं नाव घालून म्हनून बघू दे."

पहिलं कडवं सरळ गेलं. 'माजी रेवा' म्हणताना मात्र आवाज तुटला. सुनिता थांबली, नाक पुसलं, परत सुरुवात केली, परत तिथंच तुटली. तिसऱ्या खेपेला सुदामनं मागून ओळ धरली, बसक्या, बेसूर आवाजात. पुरुषमाणूस कधी धवला म्हणत नाही.

"तुमी गप ऱ्हा!" सुनिता हसत खेकसली, आणि त्या हसण्यातच ती नावाच्या पलीकडे गेली.