हृदयाची शिवण

मावशीने तीस वर्षं लोकांचे कोट शिवले. तिचा भाचा इंजिनिअर. तो कृत्रिम हृदय बनवत होता. मुठीएवढा धातूचा पंप, आत एकच फिरती चकती. पंप चालत होता, पण रक्तवाहिनीला जोडायची कापडी कड काही केल्या नीट शिवली जात नव्हती.

“मावशी, तुझा हात हवाय,” म्हणत त्याने तिला दुकानातून उठवून थेट प्रयोगशाळेत नेलं.

भिंगाखाली वाकून ती केसाएवढ्या दोऱ्याने टाके घाली. पहिली कड पाण्याच्या दाबाने पाझरली, दुसरीही. तिने ती उसवली आणि टाके आणखी जवळ घेतले. तिसरी तीन महिने टिपूस न गळता टिकली. तो पंप एका वासराला बसवला.

चौथ्या दिवशी वासरू उभं राहून गवत खात होतं. मावशीने त्याच्या बरगड्यांना कान लावला. आत नुसती सलग, बारीक गुणगुण.

“ठोका कुठाय रे?”

“ठोका नाहीच. रक्त नळाच्या धारेसारखं वाहतं.”

“आणि हे जिवंत आहे?”

“तुझी बाही चघळतंय, बघ ना.”

 मावशी तिथेच गवतावर बसली.

वर्षभराने पहिला माणूस आला, बस दुरुस्त करणारा मेकॅनिक. ऑपरेशनआधी त्याने पंप हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

“शिवण कुणाची?”

“माझी,” मावशी म्हणाली.

“उसवणार नाही ना?”

“एक उसवून बघितली होती. मलाच दोन तास लागले.”

तो हसला.

ऑपरेशन तिने काचेआडून पाहिलं. त्याचं हृदय काढून ताटलीत ठेवलं. शेजारचं मोठं यंत्र त्याचं रक्त फिरवत होतं आणि छातीत नुसती पोकळी होती.  पंप बसला, चिमटे सुटले. कडेचं पांढरं कापड बघता बघता लाल झालं. शिवणीवर एक थेंब जमला. सर्जनने तो टिपला. दुसरा आला नाही.

तिसऱ्या दिवशी मेकॅनिकची बायको त्याचं मनगट धरून नाडी शोधत होती. ती लागत नव्हती.

“अगं, भूक लागलीय,” तो म्हणाला, तशी तिने मनगट कपाळाला लावलं.

दीड महिन्याने तो खांद्याला पंपाची बॅटरी अडकवून आपल्या पायांनी घरी गेला. मावशी दारापर्यंत सोडायला गेली. प्रयोगशाळेत परत आली तेव्हा टेबलावर पुढची कड ठेवलेली होती. सुईत दोरा ओवण्याआधी ती बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसली.