ऑबोंची जागा

"माझं नाव काढलंय गं त्यांनी. फळ्यावर नाहीये. मग मी कशी जेवायला बसणार?"

फोनवर आईचा आवाज ऐकून विबेके ऑबो हातातलं काम सोडून उठली. वृद्धाश्रमात जेवायला कुणी कोणत्या क्रमाने बसायचं ते दाखवणारा फळा तिच्याच कचेरीत घडत असलेल्या प्रोग्रामिंग भाषेवर चालायचा. चाचणीसाठी तिनेच तो बसवून दिला होता.

"आई, वरती बघितलंस का? अगदी वरती?"

"वरती? ऑबो वरती कधीपासून यायला लागले?"

चूक विबेकेच्या लक्षात आली. ऑबो लिहिताना सुरुवातीला दोन 'ए' येतात, पण डॅनिश माणसाला ते एकच अक्षर, 'ऑ'. आपल्या 'ज्ञ'सारखं, सुरू होतं 'ज'ने, पण वर्णमालेत बसतं सगळ्यांच्या शेवटी. यंत्राला एवढी समज कुठली! त्याने 'ए' पाहिला आणि आईला पहिल्या ओळीत नेऊन बसवलं.

कोणता क्रम लावायचा हे कुणी सांगितलंच नाही, तर भाषेने काय गृहीत धरायचं? ते ठरवणं विबेकेच्या गळ्यात पडलं होतं, आणि तेही आजच. एकदा भाषा बाहेर पडली की पुन्हा बदल नाही.

"डॅनिश क्रमच धरू या," ती गटप्रमुख प्रेबेनला म्हणाली.

"आणि हॉलंडमधल्या आल्बर्सचं काय? त्याचे दोन 'ए' खरोखरचे 'ए' आहेत. त्याची आई उपाशी राहिली तर चालेल तुला?"

"मग आहे तसंच ठेवू?"

"मग तुझी आई उपाशी. ठरव बाई लवकर, भाषा बाहेर पडल्याचा केक वाट बघतोय."

इकडे आड, तिकडे विहीर. दोन्ही पटत होतं, म्हणून तर डोकं चालेना. शेवटी तिने गृहीत धरणंच काढून टाकलं. क्रम सांगा, नाहीतर भाषा काम करणार नाही.

"लोक शिव्या घालतील," प्रेबेन म्हणाला.

"घालू देत."

पण हे तरी बरोबर होतं का? संध्याकाळी वृद्धाश्रमात पोचेपर्यंत तिला उमगलं नव्हतं. फळा अजून जुनाच होता. तिने आईला पहिली ओळ दाखवली. "हे बघ, तुझंच नाव. चल, बस."

आई जागची हलली नाही. "लग्नाआधी मी 'बी'वरून ब्रून होते, नेहमी पुढे. तुझ्या बाबांचं नाव लावलं आणि शेवटी गेले. चर्चमध्ये, मतदानाला, सगळीकडे आम्ही दोघं शेवटी. आता ते नाहीत, तर मी एकटीच पुढे जाऊ?"

सगळे बसेपर्यंत विबेके आईचा हात धरून दारातच उभी राहिली.