सतरावं पान

"इथं सही कर, ताई," धाकट्यानं कागदावर बोट ठेवलं. "शुक्रवारी मुदत संपते."

ताईनं पेन उचललं नाही. तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय तिनं कुणाला औषध पाजलं नव्हतं.

"आईचं दुकान विकलं. पैसे तिघांचे. मग माझा वाटा माझ्या हातात का नाही?"

"वाटून घेतले तर कर यंदाच भरावा लागेल. मुदतीत दुसरी इमारत घेतली की तो पुढं ढकलला जातो. आणि इमारत कंपनीच्या नावावर. उद्या कुणी भाडेकरू जिन्यावरून पडला, दावा ठोकला, तरी आपल्या घरांना हात लागणार नाही."

"कंपनी कुणाची?"

"आपलीच की गं!"

वेल्डिंग करणाऱ्या मधल्यानं डोळे झाकून सह्या ठोकल्या होत्या. "तो शिकलाय त्यातलं," तो म्हणाला.

"म्हणूनच तर!" ताईनं कागद पिशवीत कोंबले.

आईच्या आजारपणात बँकेचं सगळं धाकटाच बघायचा. गेल्या महिन्यात त्याच्या दारात नवी गाडी आली, तेव्हापासून ताईच्या मनात पाल चुकचुकत होती.

अर्धी रजा टाकून तिनं एक अनोळखी वकीलबाई गाठली.

"एक गोष्ट खटकते," वाचून झाल्यावर वकीलबाई म्हणाल्या.

"ठाऊकच होतं मला!"

"नव्या इमारतीसाठी बँकेकडून घेणार त्या कर्जाची हमी. बहुतेक वेळा सगळे भागीदार देतात. सतराव्या पानावर एकाच माणसानं दिलीय. कंपनी बुडाली तर तुम्हा दोघांना धक्का नाही. घर जाईल ते याचं. कोण हे?"

"माझा धाकटा भाऊ," ताई म्हणाली.

गुरुवारी त्याच्या ऑफिसात बसून तिनं एकूण एक पानावर सही केली.

"हमी तू एकट्यानंच का दिलीस?"

"तू दोन वर्षांत रिटायर होशील. दादाच्या पदरात तीन पोरी."

"सांगायचंस तरी."

"तू ऐकलं नसतंस."

तो पानं चाळू लागला आणि थांबला. समासात जागोजागी पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, वकीलबाईंच्या. त्यानं वर पाहिलं नाही.

"बँकेला असे कागद चालत नाहीत," एवढंच म्हणून त्यानं खण उघडला, रबर काढलं आणि एकेक खूण पुसायला घेतली.

ताई समोर बसून राहिली. टेबलावर पडणारा रबराचा चुरा ती तळहातात गोळा करत होती.