जावयाचं दुखणं आणि मी

मित्रांनो, मी एक जुनं सोनोग्राफी यंत्र बोलतोय. माझा जन्म थंड मुलखातल्या कारखान्यात झाला. तिथल्या झकपक दवाखान्यात उमेदीची वर्षं गेली. मग नवं यंत्र आलं आणि माझी रवानगी जहाजातून इकडे, उष्ण मुलखातल्या अदामावाच्या कुरणांतल्या छोट्या रुग्णालयात झाली. चित्र स्वच्छ आलं की शाबासकी डॉक्टरला, धूसर आलं की शिव्या मला. हा हिशेब कधी बदलला नाही.

पण माझा जीव खरा खातात ते इथले फुलानी जमातीचे गुराखी. गाय लंगडली तर सगळी छावणी जागी राहते. स्वतःचा पाय मोडला तर म्हणतात, "जरा मुरगळलाय." त्यात समोर सासरा असला, तर जावयाने साधं कण्हणं म्हणजे अब्रूच गेली!

एका सकाळी बोब्बो नावाचा तरुण गुराखी आला. सोबत सासरा, छावणीचा मुखिया आर्दो हम्मन. बोब्बोला हुडहुडी भरली होती, ओठ पांढरे पडले होते.

"कुठे दुखतंय?" दाजीरू ब्रदरने विचारलं.

"कुठेच नाही."

"मग आलात कशाला? हवा खायला?"

"यांना बाजार बघायचा होता," बोब्बो सासऱ्याकडे न बघता म्हणाला.

जो ओरडेल त्याचा नंबर आधी, हा दाजीरूचा कायदा. बोब्बो बसला रांगेच्या शेपटाला, मलेरियाच्या तपासणीसाठी. मलेरिया निघाला नाही, तेव्हा कुठे डॉक्टर लादीबाईंनी त्याला माझ्यासमोर आडवा केला.

काय सांगू मित्रांनो! डावं मूत्रपिंड फुगून पखालीसारखं झालेलं, आत गढूळ पू, आणि लघवीच्या वाटेत खडा बूच मारून बसलेला. बाईंनी तिथेच बोटं दाबली.

"दुखतं?"

"नाही."

मला हात असते तर एक ठेवून दिली असती!

"आर्दो, याचा रक्तदाब उतरतोय," बाई म्हणाल्या. "खडा मागाहून शहरात काढतील. आत्ता पाठीतून सुई घालून पू काढायला हवा. नाहीतर संध्याकाळपर्यंत हा हाती लागायचा नाही."

"दुखत नाही म्हणतोय ना तो? मग टोचता कशाला?" आर्दो म्हणाला. बोब्बोने मान डोलावली. आता बोला!

बाईंनी माझा पडदा म्हाताऱ्याकडे वळवला. "गाईची कास दगडासारखी झाली, आत पू धरला, तर काय करता?"

"पिळून काढतो. नाहीतर गाय जाते."

"गाय येऊन सांगते का, आर्दो, मला दुखतंय म्हणून?"

म्हाताऱ्याने पडद्यावरच्या त्या पखालीवर बोट टेकवलं. मग काठी उचलून म्हणाला, "करा. मी बाहेर बसतो."

दार लागलं मात्र, बोब्बो असा कण्हला की माझा पडदा थरथरला. "बाई, काढा हो काहीतरी! तीन दिवस मरतोय मी!"

"हे आधी बोलायला काय झालं होतं?" बाई कडाडल्या. पाठ बधिर करून, इंजेक्शनमधून औषध सोडून, माझ्या पडद्यावर नजर लावून त्यांनी सुई घातली. बोब्बो तसूभर हलला नाही. त्याचा हट्ट एवढ्यापुरता कामाला आला. घट्ट, घाणेरडा पू बाहेर आला. मग बारीक नळी आत ठेवून तिला पिशवी जोडली.

दोन दिवसांत ताप उतरला. मला वाटलं, आता तरी हे लोक शहाणे झाले.

तिसऱ्या दिवशी जावई वॉर्डात झोपलेला बघून आर्दो माझ्या खोलीत आला. दार लावून घेतलं, सदरा वर केला आणि खाटेवर आडवा झाला.

"कुठे दुखतंय, आर्दो?" बाईंनी विचारलं.

म्हातारा भिंतीकडे बघत हळूच म्हणाला, "कुठेच नाही. पण डाव्या बाजूला जरा नीट बघा. आणि त्याला कळू देऊ नका."

मित्रांनो, तुम्ही तरी दुखलं की वेळेवर सांगा. मी कातडीच्या आतलं दाखवतो, पण तुम्हाला माझ्यापर्यंत यावं तर लागेल ना!